चौथं मशीन

तिघांनी मिळून चांगल्या कामाला निघू नये, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. स्थळ बघायला तिघं निघाले की कुणीतरी वाकून अंगणातला एक खडा उचलतं आणि खिशात टाकतं. झाले चार. खडा चहा मागत नाही, देण्याघेण्यात तोंड घालत नाही, नुसता खिशात असतो. माझ्या लग्नाच्या खटपटीत आमच्या दादानं असे बरेच खडे लोह्याहून उदगीरपर्यंत फिरवून आणले. लग्न काही जमलं नाही, पण त्यात खड्यांचा दोष नव्हता.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी नोकरी करते, तिथं एकदा खड्याच्या जागी मशीन बसवलं गेलं. त्याचं मोल माझ्या भाचीला मोजावं लागलं, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, कॉम्प्युटरला. मग काही वर्षं हैदराबादेत मोठ्या कंपनीत मशीनं सांभाळली आणि आईच्या दुखण्यापायी परत आले. लातूरला क्लासवाल्यांची काय कमी! त्यातल्या एका सरांनी मला ठेवून घेतलं. सर फिजिक्स शिकवायचे, अजूनही शिकवतात, आणि फळ्यापुढं उभे राहिले की खरंच ऐकत राहावंसं वाटतं. त्यांचा मुख्य क्लास लातूरला आणि एक शाखा नांदेडला. पोरांच्या परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि त्या मध्येच बंद पडू द्यायच्या नाहीत, एवढंच माझं काम.

परीक्षा एकाच मशीनवर चालवली तर ते मशीन बसलं की परीक्षा बसली. म्हणून बऱ्याच मशीनांची मिळून एक टोळी करतात, तिला क्लस्टर म्हणायचं. परीक्षेचा प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात भरायचा, त्या डब्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढायच्या आणि मशीनांवर वाटून द्यायच्या. कागदोपत्री त्याला कंटेनर म्हणतात, आम्ही डबाच म्हणायचो. कोणता डबा कुठल्या मशीनवर बसेल, हे माणसानं ठरवायचं नसतं. त्यासाठी टोळीवर एक व्यवस्था नेमलेली असते. नांदेडच्या शाखेतला माझा सहकारी, जो विष्णुपुरीला माझ्याच वर्गात होता, तिला मुकादम म्हणायचा, आणि मग सगळेच म्हणायला लागले. मुकादमाला फक्त इतकंच सांगायचं की या डब्याच्या एवढ्या प्रती कायम चालू पाहिजेत. कशा, ते त्याचं तो बघतो. एखादं मशीन मेलं तर त्यावरचे डबे तो दुसऱ्या मशीनवर उभे करतो आणि पोरांना नव्या पत्त्यावर वळवतो. आपण जेवत असलो तर आपल्याला पत्ताही लागत नाही. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. सांगितल्याबरोबर कामाला लागणारा आणि केलेलं बोलून न दाखवणारा कारभारी मी माणसांत अजून पाहिलेला नाही.

आता हा मुकादमच मेला तर? म्हणून त्याचा कारभार एका मशीनवर ठेवत नाहीत, तिघांवर ठेवतात. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की निर्णय पक्का. मी लातूरला दोन आणि नांदेडला एक अशी मांडणी केली होती. दोन गावांमधली तार उद्या तुटली, तरी लातूरचे दोघं मिळून कारभार चालू ठेवतील, असा माझा साधा विचार होता.

मशीनच्या खोलीची पूजा होती त्या दिवशी सर आले, नारळ फोडला, आणि मग हात मागं बांधून मला विचारू लागले की यातलं कोणतं काय करतं. मी सांगितलं. कारभार तिघांकडे आहे म्हटल्यावर ते थबकले. तीनच का, असं विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, चार करा.

मी हसले, आणि तिथंच चुकलं असावं. सरांना हसलेलं चालत नाही. मी पुन्हा समजावलं की चार झाले तर निर्णयाला तिघं लागतील, आणि तार तुटून दोन इकडं, दोन तिकडं झाले तर कुणाकडेच तिघं उरणार नाहीत. ग्रामपंचायतीत सदस्य सात, नऊ, अकरा असेच का असतात, हेही विचारलं. सरांचं म्हणणं, तिथं भांडणं असतात, मशीनं कशाला भांडतील? मी म्हटलं, भांडत नाहीत, पण एकमेकांचा आवाज ऐकू आला नाही तर गप्प बसतात. सर ऐकेनात. तेव्हा मी आपलं सुचवलं की चौथं हवंच असेल तर अंगणातला एक खडा आणून त्या कपाटावर ठेवू, काम भागेल. नांदेडहून पूजेसाठी आलेला माझा सहकारी मान खाली घालून हसायला लागला.

सरांचा चेहरा उतरला. खोलीत आठ-दहा माणसं होती. "मॅडम, मी फिजिक्स शिकवतो," ते म्हणाले. "दगडाबिगडावर माझा विश्वास न्हाई. जोडायचं तर मशीनच जोडा."

नांदेडला एक मशीन जास्तीचं पडून होतं. त्यालाही कारभारात घेतलं. दोन लातूर, दोन नांदेड. नांदेडला डबेही त्याच दोघांवर चालायचे. सरांच्या जुन्या गावाकडच्या मनाला दगड चालला असता, पण फिजिक्सच्या मास्तराला तो चालेना, आणि दोघांच्या भांडणात खड्याच्या जागी मत असलेलं मशीन येऊन बसलं. पुढं मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा सर म्हणाले, चालू हाय ना? आणि चालू तर होतंच.

माझी भाची, दादाची थोरली, त्या वर्षी दहावी झाली. दादा लोह्याजवळ आमच्या गावी शेती करतो. मला विष्णुपुरीच्या वसतिगृहावर पहिल्यांदा सोडायला मोटारसायकलवर गादी बांधून तोच आला होता. पोरीनं डॉक्टर व्हायचं स्वतःच्या मनानं घेतलं होतं, कुणी भरवलेलं नव्हतं. सरांच्या क्लासची एक निवासी तुकडी असते. त्यात निवड झालेल्या पोरांचं राहणं, जेवण, शिकणं सगळं क्लास बघतो, आणि निवड एकाच परीक्षेवर होते. घरात ठरलं होतं की निवड झाली तर लातूर, नाही तर लोह्याचं कॉलेज. रडारड करायची नाही, दुसऱ्यांदा मागायचं नाही. भाचीनं हे मान्य केलेलं. लोह्याहून जवळ म्हणून तिनं परीक्षेचं केंद्र नांदेड घेतलं.

ती मला फोनवर अभ्यासाचं काही विचारत नसे, मशीनांचं विचारी. मुकादम झोपतो का, त्याला एकदम किती पोरं झेपतात, असलं. वहिनी मागून ओरडायची की आत्याचं डोकं खाऊ नको. मला ते डोकं खाल्लेलं आवडायचं.

परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी होती. लातूरचं मेमधलं ऊन म्हणजे सकाळीच भिंतीला हात लावू देत नाही. मशीनच्या खोलीत मी एकटी, वरच्या दोन मजल्यांवर पोरं. सुरुवात छान झाली. सगळे डबे हिरवे. पाऊण-एक तास झाला असेल आणि माझ्या पडद्यावरचं नांदेड एकदम लाल झालं. एक-दोन डबे गेले तर कळतं, पण अख्खं नांदेड?

सहकाऱ्याला फोन लावला. तो शांत होता. त्याच्याकडे सगळं चालू होतं, पोरं पेपर सोडवत होती, त्यालाच लातूर दिसत नव्हतं. म्हणजे तार तुटली. नंतर कळलं की लोह्याच्या अलीकडं रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं ती उखडली होती. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून आम्ही दोन कंपन्यांच्या तारा घेतल्या होत्या. दोघींनी त्या एकाच चरातून टाकल्या होत्या.

मी फोन ठेवला आणि हिशोब केला. दोन इकडं, दोन तिकडं. मुकादम मुका झाला होता.

असं झालं की लगेच काही बिघडत नाही. चालू असलेले डबे चालूच राहतात, पोरांना काही कळत नाही. फक्त इथून पुढं काही पडलं, तर उचलणारं कुणी नसतं. मी सरांना बोलावून हेच सांगितलं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पण चालू हाय ना?" मी म्हटलं, हो, आत्ता आहे. ते खुर्चीवर बसले नाहीत, माझ्या मागं उभे राहिले.

मोबाइलवरून दोन्ही गावांना जोडायचा प्रयत्न केला. जोड लागायचा, मशीनं एकमेकांची विचारपूस सुरू करायची आणि तेवढ्यात तुटायचा. असं तीन-चारदा झाल्यावर मी ते सोडून दिलं. अर्धवट ऐकू येण्यापेक्षा अजिबात ऐकू न आलेलं बरं.

मग एसी बसला. कॉम्प्रेसर गुरगुरला आणि नुसता पंखा फिरू लागला. मी दार उघडलं, तर बाहेरची हवा आतल्याहून गरम. कुणीतरी ऑफिसातला उभा पंखा आणून लावला. मी डब्यांकडं न बघता मशीनांच्या तापमानाचे आकडे बघत बसले, आणि इथं बसून ते कमी करणं माझ्या हातात नव्हतं. डब्यांचं ओझं वाहणारं एक मशीन तापून तापून स्वतःच बंद झालं. लातूरच्या पोरांपैकी तिसरा हिस्सा त्याच्यावर होता.

एरवी मुकादमानं ते डबे कधीच दुसरीकडं उभे केले असते. आता त्याच्याकडं तिघांचं एकमत नव्हतं, म्हणून तो हलेना. उलट पोरांना तो मेलेल्या पत्त्यावरच पाठवत राहिला, कारण पत्ता बदलायचा म्हणजेसुद्धा निर्णय लागतो. वरून गलका ऐकू आला. पोरांच्या पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं होतं.

उपाय एकच होता आणि तो मी कधी खऱ्या परीक्षेत केलेला नव्हता. लातूरच्या दोघांना जबरदस्तीनं सांगायचं की नांदेडचे दोघं नाहीतच, आता तुम्हीच सगळे. पण हे चालू असताना तार जुळली असती तर मोठा घात झाला असता. लातूरचा नवा मुकादम नांदेडचे डबे मेलेले समजून चालणार, आणि जोड लागल्याबरोबर ते साफ करायला सांगणार, आतल्या उत्तरांसकट. म्हणून आधी नांदेडची तार तिथल्या माणसानं हातानं उपसायला हवी होती. तशी ती उपसली की नांदेड पुरतं एकटं. तिथल्या दोन मशीनांपैकी एक गेलं तर बघायला कुणी नाही, मी तिकडचंही असंच करून देईपर्यंत.

मी सरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की नांदेडला पोरं किती. लातूरच्या मानानं फार थोडी होती. "तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. मी ठरवलं. लातूर अडकलं होतं, नांदेड चालू होतं, यात विचार करण्यासारखं काय होतं? विचार मात्र आला. भाचीचा चेहराच समोर आला. मी फोन उचलला.

"तार काढ," मी म्हटलं.

"आन आमचं?"

"तुमचं नंतर. चालू आहे ना?"

"हाय," तो म्हणाला, आणि काढली म्हणून सांगितलं.

मी कामाला लागले. असल्या कामात घाई करून चालत नाही आणि सावकाशही चालत नाही. मुकादमाच्या आठवणीची एक प्रत बाजूला काढायची, एका मशीनचा कारभार थांबवायचा, दुसऱ्याला एकट्यानं उभं करायचं, मग पहिल्याला पुन्हा त्याच्यात घ्यायचं. मधल्या कुठल्याही पायरीवर सोडून उठलं तर लातूरचं होतं तेही जाणार. माझी बोटं घामानं कळांवरून घसरत होती. दोनदा चुकीचं लिहिलं, दोनदा पुसलं.

निम्म्यात आले आणि फोन वाजला. नांदेडची लाइट गेली होती. जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटरीवर तग धरायचा, तर एका मशीनची बॅटरी जुनी निघाली. मशीन बंद पडलं ते पुन्हा सुरू होईना. त्याच्यावर दुसरी लॅब चालत होती, ती अख्खी अडकली.

"आता सांग काय टाइप करू. मी मशीनपाशीच हाय," तो म्हणाला. आणि लगेच, "तुझी भाची त्याच लॅबमधी हाय. मी बघून आलो."

"मला सांगू नको."

"आगं पण..."

"थांब. लाइन चालू ठेव आणि थांब."

किती वेळ, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. का ठेवला ते अजून कळत नाही, बंदच करायचा. त्यातून तिकडचं सगळं ऐकू यायला लागलं. पोरांची कुजबुज, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी सर सर म्हणत होतं, कुणाचं तरी रडणं. मी त्यात एकच आवाज शोधत होते आणि तो सापडू नये असंही वाटत होतं. सहकारी मधून मधून नुसतं विचारायचा, "झालं?" कळ दाबायची, पडद्यावर ओळ उमटायची वाट बघायची, पुढची कळ. एक ओळ उमटायला इतका वेळ लागला की मला वाटलं आता हे संपलं, दोन्ही गावं गेली.

मागं सर उभेच होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि एकाएकी मला त्यांचा भयंकर राग आला. कारभारात तीनच मशीनं असती तर तार तुटल्यावर लातूरचे दोघं स्वतःच कारभार बघत राहिले असते. तापलेल्या मशीनवरचे डबे त्यांनी माझ्या मदतीवाचून उचलले असते. आणि नांदेड बसलं त्या क्षणी माझे दोन्ही हात मोकळे असते. सरांनी विचारलं, अजून किती लागेल?

"सर, तुम्ही बाहेर थांबा," मी म्हटलं.

त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही. ते गेले.

शेवटी लातूरचा मुकादम जागा झाला. त्यानं भोवती पाहिलं, एक मशीन मेलेलं दिसलं, आणि कुणी न सांगता तो डबे उभे करायला लागला. लाल खुणा एकेक करून हिरव्या झाल्या. वरचा गलका थांबला. त्या क्षणाची मी तासभर वाट बघितली असावी असं वाटत होतं, पण तो बघायला मी थांबले नाही. फोन तोंडाशी धरला आणि म्हटलं, लिही.

तो लिहायला लागला. मी अक्षर अक्षर सांगत होते. इथं जागा सोड, इथं दोन आडव्या रेघा. त्यानं एक घातली. मी ओरडले. तो म्हणाला, "वरडू नको, मी करून राहिलो ना." पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिकडं उरलेल्या एका मशीनला आम्ही एकट्यालाच कारभारी केलं, आणि मग त्यानं दुसऱ्या लॅबचे डबे स्वतःवर घ्यायला सुरुवात केली. सहकारी लॅबकडं पळत गेल्याचं ऐकू आलं. फोनमध्ये एकदम पोरांचा आवाज उठला.

"उघडलं," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती.

मी टेबलावर डोकं टेकलं. तो मागं वळून कुणाशी तरी बोलला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "उघडलं, पण कोरं हाय."

तोवर दिलेली उत्तरं बंद पडलेल्या मशीनवरच्या डब्यांत होती. एरवी ती दर थोड्या वेळानं लातूरला येऊन पडायची, पण तार तुटल्यापासून आली नव्हती, आणि आधी आलेली तिकडं परत धाडायला तार नव्हती. डबा नव्यानं उभा राहतो तो कोरा उभा राहतो. जुन्याचं त्याला काही ठाऊक नसतं. हाच त्याचा मोठा गुण, असं मी भाचीला फोनवर कितीतरी वेळा समजावलं होतं.

त्या लॅबमधल्या पोरांना सरांनी गेलेला वेळ आणि वर थोडा जास्तीचा वेळ दिला. पेपर तोच, पहिल्यापासून. जनरेटरवर नुसते कॉम्प्युटर चालू आणि पंखे बंद असलेल्या खोलीत ती पोरं पुन्हा पहिल्या प्रश्नाला बसली. दुसऱ्या दिवशी मी सरांकडं जाऊन त्या लॅबची परीक्षा नव्यानं घ्या म्हटलं, आणि माझी भाची त्यात आहे हेही सांगितलं. सर म्हणाले, पेपर बदलला तर सगळ्यांना सारखा राहणार नाही, आणि तोच ठेवला तर तो आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं चूक नव्हतं. म्हणूनच मला जास्त संताप आला. आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. सांगितलं असतं तर काय केलं असतं, असं मी उलट विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला त्या खोलीत बसू दिलं नसतं. त्याच आठवड्यात मी नांदेडचं ते जास्तीचं मशीन कारभारातून काढलं. सरांना विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही.

भाचीची निवड झाली नाही. थोडक्यात गेली. त्या गोंधळामुळं गेली की तशीही गेली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला ते रात्रंदिवस टोचत राहिलं. दादा फोनवर म्हणाला, बरं झालं, जवळच ऱ्हाईल. ठरल्याप्रमाणं रडारड झाली नाही. तिचं नाव लोह्याला घातलं.

पेरणीच्या तोंडावर मी गावी गेले. सोयाबीनचं बी उगवतं का ते पेरायच्या आधी बघायचं असतं. ओलं पोतं पसरून भाची त्यावर एकेक दाणा ओळीनं मांडत होती. मी तिच्याशेजारी बसून मांडू लागले. तिच्या हाताला सवय, माझी ओळ वाकडी. त्यावरून तिनं माझी चेष्टा केली. मला बरं वाटलं. परीक्षेबद्दल आमच्यात तोवर एक शब्द झाला नव्हता.

मग तीच सांगायला लागली, अगदी सहज, हसत. लॅब अडकली तेव्हा लक्ष ठेवायला असलेले सर खाली पळाले. एक मुलगी रडायला लागली. दोन मुलं उठून घरी निघाली. "म्या समद्यायला सांगितलं, कोणी उठू नका. माझी आत्या हाय लातूरला, तीच बघती हे समदं. मी इथं हाय हे तिला माहीत हाय. ती पयले आपलंच चालू करंल." ती पोरं परत बसली होती. रडणारीही थांबली होती. "आन झालं का न्हाई चालू?" असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी गप्प बसू शकले असते. मी चुकले नव्हते. आजही तीच वेळ आली तर मी आधी लातूरच उचलीन, वरच्या दोन मजल्यांवर तिच्यासारखीच पोरं होती आणि त्यांचीही वाट बघणारं कुणीतरी होतं. पण ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर माझ्या वाट्याची नव्हती, आणि न सांगता ती घेणं मला जमेना. मी तिला सांगितलं. तुम्ही अडकलात हे मला लगेच कळलं होतं, तू त्यात आहेस हेही कळलं होतं. तरी मी आधी लातूर पुरं केलं, आणि तोवर तुम्हाला थांबवून ठेवलं.

तिनं मान खाली घातली. ओळीतले उरलेले दाणे मांडले, पोतं गुंडाळायला घेतलं, एक टोक मला धरायला दिलं. पोतं गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली, "मंग म्या त्या पोरायला खोटंच सांगितलं."